लाहौलचा कूठ : डोंगरातले फूल, पेढीवरचे मूळ

मनालीहून उत्तरेकडे निघालेली मोटार अटल बोगद्यात शिरते ती देवदारांच्या ओल्या, हिरव्या उतारांवरून. ९.०२ किलोमीटरचे अंतर कापून ती पलीकडे बाहेर पडते, तेव्हा प्रदेशच बदललेला असतो. झाडी विरळ झालेली, आकाश गडद निळे, डोंगर उघडे आणि तपकिरी. त्या तपकिरी डोंगरांच्या पायथ्याशी मात्र हिरव्या शेतांचे छोटे छोटे तुकडे, एखाद्या जुन्या गोधडीला नवी ठिगळे लावावीत तसे. हा लाहौल. हिमाचल प्रदेशाच्या लाहौल-स्पिती जिल्ह्याचा पश्चिम भाग. पावसाचे ढग पीर पंजालच्या रांगेवर अडतात, त्यामुळे येथे पाऊस थोडा आणि बर्फ भरपूर. ३ ऑक्टोबर २०२० रोजी बोगदा खुला होईपर्यंत ३,९७८ मीटर उंचीचा रोहतांग घाट हीच या खोऱ्याची मुख्य वेस होती आणि ती वर्षातून जवळजवळ सहा महिने बर्फाने बंद असे.

आता मनालीचा पर्यटक सकाळी निघून सिस्सूचा धबधबा पाहतो आणि संध्याकाळी परततो. थोडे पुढे जाणारा गोंधळ्याचा लाकूड-दगडाचा उंच किल्ला पाहतो, तांदीला चंद्रा आणि भागा या दोन नद्यांचा संगम पाहतो. येथून पुढे तिचे नाव चंद्रभागा, म्हणजेच चिनाब. पंढरपूरच्या वाटेवर वाढलेल्या मराठी माणसाला हे नाव ऐकून क्षणभर घरी आल्यासारखे वाटते. तांदीहून एक रस्ता भागेच्या काठाने केलाँगला, म्हणजे सुमारे ३,१०० मीटर उंचीवरील जिल्ह्याच्या ठिकाणी, आणि पुढे लेहकडे जातो. दुसरा चंद्रभागेबरोबर पट्टन खोऱ्यात उतरतो. याच दुसऱ्या रस्त्यावर त्रिलोकीनाथाचे मंदिर आहे. तेथील एकाच मूर्तीला हिंदू शिव म्हणून आणि बौद्ध अवलोकितेश्वर म्हणून पूजतात. याच खोऱ्यात मटार, बटाटा आणि फ्लॉवरच्या शेतांच्या मधून अधूनमधून एक उंच, राकट झाड दिसते. त्याच्याकडे पर्यटकाचे सहसा लक्ष जात नाही. त्याचे नाव कूठ.

महाराष्ट्रातील वाचकाला हे नाव नवे वाटेल, वस्तू मात्र नवी नाही. संस्कृतात तिला कुष्ठ म्हणतात. काष्ठौषधींच्या दुकानात ती कोष्ठ म्हणून मिळते आणि गुजराती पेढ्यांवर तिचे नाव उपलेट. उपवासाच्या कुट्टूच्या पिठाशी तिचा काही संबंध नाही. कोकणच्या ओलसर रानात पांढऱ्या फुलांचा पेव उगवतो, त्याच्याशीही नाही. पेवाच्या शास्त्रीय नावात ‘कॉस्टस’ हा शब्द दीर्घकाळ होता, आणि तो कुष्ठ या शब्दाशीच नाते सांगणारा आहे. जुन्या युरोपीय वनस्पतिशास्त्रज्ञांनी हे प्राचीन नाव आल्याच्या जातभाईला देऊन टाकले, म्हणून हा घोटाळा झाला. खरा कूठ आल्याच्या नात्यातला नसून सूर्यफुलाच्या कुळातला आहे.

हे कूळ फार मोठे आहे. शेवंती, झेंडू, सूर्यफूल सारी त्याचीच अपत्ये. त्यांचे जे एक फूल म्हणून आपण देवाला वाहतो, ते खरे पाहता अनेक बारीक फुलांचे एकत्र कुटुंब असते. या कुळाच्या ज्या शाखेत सोलापूर-मराठवाड्याची करडई येते आणि माळरानावरची उंटकटारी येते, त्याच शाखेत कूठही येतो. म्हणून त्याच्या फुलाला शेवंतीसारख्या मोकळ्या पाकळ्या नाहीत. माणसाच्या उंचीचा, कधी त्याहूनही उंच सरळ दांडा. तळाशी हातभर किंवा अधिक लांबीची, कातरलेल्या काठांची पाने. आणि शेंड्याशी देठाविना एकमेकांना चिकटलेले दोन-चार टणक गोळे. त्यांतून जुलै-ऑगस्टमध्ये काळसर जांभळी फुले डोकावतात. गुलदस्त्यात कोणी ठेवावे असे ते फूल नव्हे. हिमालयातील प्रसिद्ध ब्रह्मकमळ हे त्याचे सख्खे भावंड, दोघांचेही शास्त्रीय कुलनाम ‘सॉस्युरिया’. (मुंबई-पुण्याच्या गॅलरीत रात्री फुलणारे आणि शेजाऱ्यांना बोलावून दाखवले जाणारे ‘ब्रह्मकमळ’ ते हे नव्हे. ते मेक्सिको आणि मध्य अमेरिकेकडून आलेले एक निवडुंग आहे.) ब्रह्मकमळाला रूपामुळे देवळात मान मिळाला आणि ते उत्तराखंडाचे राज्यपुष्प झाले. कूठाला मान मिळाला तो जमिनीखाली, मुळात.

हे मूळ गाजरासारखे जाड, करड्या-तपकिरी रंगाचे, कधी दीड-दोन फूट खोल गेलेले असते. सुकले की त्याला एक दाट वास येतो. त्यात थोडा मातीचा, थोडा फुलांचा, थोडा जुन्या लाकडी पेटीचा भास होतो. एकदा हुंगलेला हा वास विसरला जात नाही, आणि या वासानेच या वनस्पतीचा दोन हजार वर्षांहून मोठा व्यापार उभा केला.

अथर्ववेदात कुष्ठाला उद्देशून सूक्ते आहेत. तेथे तो हिमवान पर्वतावर जन्मलेला, ज्वराचा नाश करणारा, आणि पर्वतावरून पूर्वेकडील लोकांपर्यंत नेला जाणारा म्हणून वर्णिला आहे. म्हणजे वेदकाळातच ही वस्तू डोंगरात पिकून मैदानात खपत होती. इसवीसनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक भाषिक खलाशाने लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या समुद्रमार्गांच्या पुस्तकात भडोच बंदरातून निर्यात होणाऱ्या मालाची यादी आहे. तीत जटामांसी, गुग्गुळ आणि हस्तिदंताच्या रांगेत ‘कोस्तोस’ही आहे. हिमालयातून निघालेले मूळ उत्तर हिंदुस्थानच्या वाटा तुडवीत नर्मदेच्या मुखाशी येई आणि तेथून तांबड्या समुद्रामार्गे रोमन साम्राज्याच्या बाजारात जाई. तेथे ते सुगंधी लेपांत, धूपात आणि औषधांत वापरले जाई. अनेक जैन घराण्यांत आजही असलेले गांधी हे आडनाव मुळात अशाच सुगंधी द्रव्यांच्या आणि औषधींच्या व्यापाऱ्याचे होय. ज्या मालावरून ते नाव पडले, त्यात कूठ निश्चितच असणार.

एकोणिसाव्या शतकात या व्यापाराचे आकडेही मिळतात. सहारनपूरच्या सरकारी बागेचा प्रमुख ह्यू फाल्कनर १८३० च्या दशकात काश्मीरला गेला. प्राचीनांचा कोस्तोस म्हणजे नेमकी कोणती वनस्पती, या युरोपातील जुन्या वादाचा निकाल त्याने तेथील उतारांवर लावला. त्याने नोंदवले आहे की सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये मुळे खणली जातात, दोन ते सहा इंचांचे तुकडे केले जातात, आणि वर्षाला सुमारे २० लाख पौंड, म्हणजे आजच्या हिशेबाने ९०० टनांच्या आसपास माल निघतो. हा माल बैलांच्या पाठीवर पंजाबात येई. त्याचा मोठा भाग मुंबईला पोहोचे आणि तेथून तांबडा समुद्र, इराणचे आखात आणि चीनकडे रवाना होई. उरलेला भाग कलकत्त्यास जाई, आणि तेथे ‘पुचक’ या नावाने त्याला फार मागणी असे. चीनमध्ये कुठाचा धूप घालीत, औषधांत वापरीत. काश्मिरात शालींच्या गठ्ठ्यांत कसर लागू नये म्हणून त्याचे तुकडे ठेवीत. ज्या शालीचे मोल शेकडो रुपये, तिची राखण हे काही पैशांचे मूळ करीत असे.

९०० टन वाळलेले मूळ, दरवर्षी, आणि तेही सारे रानातले. येथे थोडा हिशेब करावा लागतो. फळ तोडले तर झाड राहते, पान खुडले तर पुन्हा फुटते, फूल वेचले तरी पुढच्या मोसमाची आशा असते. मूळ काढले की खाते बंद. त्यातून खणण्याचा हंगाम नेमका बी पिकण्याच्या सुमारास येतो. बी वाऱ्यावर उडून जाण्याआधीच झाड उपटले गेले तर त्या जागी पुढची पिढी येत नाही. आणि जाड मुळाला भाव अधिक, म्हणून जी झाडे सर्वांत मोठी, सर्वांत अधिक बी देणारी, तीच आधी जात. व्यापारी भाषेत सांगायचे तर येथे व्याज कधी खाल्लेच गेले नाही. पहिल्या दिवसापासून मुद्दलच उचलले गेले. पर्वत मोठा होता म्हणून ते मुद्दल संपायला काही शतके लागली, इतकेच.

ते संपते आहे हे ओळखण्याचे प्रयत्न झाले नाहीत असे नाही. काश्मीर संस्थानात कूठ गोळा करणे ही दरबाराची मक्तेदारी होती आणि १९२१ मध्ये तर त्यासाठी स्वतंत्र कायदाच झाला. पण मक्तेदारीने मालाचा पैसा कोणाकडे जावा हे ठरते. माल पुन्हा उगवावा याची व्यवस्था तिने आपोआप होत नाही. किशनगंगेच्या आणि वरच्या चिनाबच्या खोऱ्यांतील, अडीच ते चार हजार मीटर उंचीच्या ओलसर उतारांवर कूठाचे मूळ घर. तेथे तो विरळ होत गेला. आज आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघाच्या लाल यादीत तो ‘अतिशय संकटग्रस्त’ या वर्गात आहे. रानातून कायमचे नाहीसे होण्याच्या आधीची ही शेवटची पायरी.

लाहौलचे महत्त्व येथे सुरू होते. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात काश्मीरकडून कुठाचे बी लाहौलमध्ये आले आणि येथील शेतकऱ्यांनी ते शेतात पेरले. तोवर येथे जव, कुट्टू आणि तत्सम धान्ये पिकत, ती कशीबशी घरापुरती. कुठाला हे हवामान मानवले. हिमनद्यांच्या पाण्याचे पाट, ज्यांना येथे कूल्ह म्हणतात, शेतापर्यंत आणलेले होतेच. बी पेरल्यापासून सुमारे तीन वर्षांनी मूळ खणायचे. तोवर झाड बर्फाखाली झोपते आणि उन्हाळ्यात पुन्हा वर येते. शरदात पाने सुकली की कुदळी निघतात. मुळे काढून, झटकून, तुकडे करून सपाट मातीच्या धाब्यांवर वाळत घालतात. ज्या खोऱ्यातून पूर्वी माणसे मजुरीला आणि ओझी वाहायला बाहेर जात, त्या खोऱ्यात कुठाच्या पैशाने घरे उभी राहिली, मुले शाळा-महाविद्यालयांत गेली. डोंगरी भागात रोख पिकाने इतके बदल घडवल्याची उदाहरणे थोडी आहेत.

व्यापाराच्या दृष्टीने हा मोठा बदल होता. रानातून उपटण्याची जागा शेतात पिकवण्याने घेतली. जे शेतकरी स्वतःच्या जमिनीत लावतात, ते शेवटचे झाड कधीच काढत नाहीत. पुढच्या पेरणीसाठी काही झाडे बियाण्याला राखतात. मुद्दल राखून व्याज खाण्याची रीत कुठाच्या बाबतीत प्रथमच मोठ्या प्रमाणावर रूढ झाली.

पुढे मात्र बाजार फिरला. चीनकडे जाणारा माल हाच या पिकाचा मुख्य आधार होता. विसाव्या शतकाच्या मध्यानंतर राजकीय घडामोडींनी तो व्यापार आटला. त्याच शतकात चीनने आपल्या युन्नान प्रांतात कुठाची लागवड सुरू केली, आणि जो शतकानुशतके गिऱ्हाईक होता तोच मोठा उत्पादक झाला. अत्तराच्या धंद्यातही कुठाचे तेल मागे पडले. त्यातील काही घटकांमुळे त्वचेला तीव्र ॲलर्जी होते असे आढळल्यावर सुगंधद्रव्य-उद्योगाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने सुगंधात त्याचा वापर निषिद्ध ठरवला. औषधाची मागणी तेवढी राहिली.

याच काळात संरक्षणाचे कायदे आले. वन्य जीव व वनस्पतींच्या व्यापारावरील ‘साइटिस’ या आंतरराष्ट्रीय करारात कूठ १९७५ मध्ये दुसऱ्या परिशिष्टात होता. १९८५ मध्ये तो पहिल्या, सर्वांत कडक परिशिष्टात गेला. म्हणजे रानातील कुठाच्या व्यापारी देवघेवीला जगभर बंदी. शेतात पिकवलेल्या मालाला मुभा आहे, पण तो शेतातलाच आहे याचा दाखला हवा. भारताच्या वन्यजीव संरक्षण कायद्यात १९९१ च्या दुरुस्तीने वनस्पतींसाठी स्वतंत्र प्रकरण घालण्यात आले आणि सहा वनस्पतींची यादी झाली. तीत कूठ होता. रानातून तो उपटणे हा गुन्हा ठरला. लागवडीला आणि विक्रीला परवाना आवश्यक झाला.

हेतू निःसंशय चांगला. तरी त्यातून एक पेच उभा राहिला आहे, आणि पेढीवर बसणाऱ्याला तो सांगावा लागत नाही. वाळलेल्या मुळाचे दोन तुकडे समोर ठेवले, एक रानातला आणि एक शेतातला, तर डोळ्यांनी किंवा नाकाने फरक सांगणे कठीण. फरक सांगतो तो कागद. प्रामाणिकपणे पिकवणाऱ्या शेतकऱ्याला कागदासाठी कचेरीच्या पायऱ्या चढाव्या लागतात. चोरून उपटणाऱ्याला कागदाची गरज नसते, आणि जमीन, पाणी, तीन वर्षांची वाट यांपैकी कोणताच खर्च नसतो. त्याचा माल स्वस्त पडणारच. बाजार जर फक्त भाव विचारीत असेल, तर कायदा पाळणारा हळूहळू मागे पडतो.

लाहौलच्या शेतकऱ्यापुढे याहून सोपा मार्गही आहे. बटाट्याच्या बियाण्याने येथे सहकारी संस्था उभी केली, मटाराने हंगामात हातात रोख आणली. बोगदा झाल्यापासून ताजी भाजी वेळेवर मैदानातील मंडईत पोहोचू शकते. तीन महिन्यांत पैसा देणारा मटार एकीकडे, आणि तीन वर्षे जमीन अडवून धरणारा, परवाना मागणारा, भावाची शाश्वती नसलेला कूठ दुसरीकडे. शेतकऱ्याने काय निवडावे, हे सांगायला अर्थशास्त्राची पदवी लागत नाही. त्यामुळे पट्टन खोऱ्यात कुठाची शेते आक्रसली आहेत. काही जण त्याच्या जोडीला किंवा त्याऐवजी पुष्करमूळ लावतात. तेही सूर्यफुलाच्याच कुळातले असून येथे त्याला ‘मनू’ म्हणतात. बाजारात कुठाच्या नावाने कधी कधी हेच खपवले जाते, हा आणखी एक घोटाळा.

शेत आक्रसले आणि मागणी कायम राहिली, तर कुदळ कुठे वळणार? पुन्हा त्याच उंच, राखण करणारे कोणी नसलेल्या उतारांकडे. म्हणून लाहौलमधील शेताचा एक तुकडा टिकणे हा केवळ त्या शेतकऱ्याच्या मिळकतीचा प्रश्न नाही. दूर काश्मीरच्या एखाद्या खोऱ्यातील उरल्यासुरल्या रानकुठाचे आयुष्य त्याच्याशी बांधलेले आहे. या दोन जागांना जोडणारा दुवा म्हणजे खरेदी करणारा.

तो खरेदीदार हिमालयात राहत नाही. तो अमृतसरला, दिल्लीला, मुंबईला, पुण्याला राहतो. औषधी कारखान्याचा खरेदी अधिकारी, काष्ठौषधींचा घाऊक व्यापारी, आणि शेवटी चूर्णाची पुडी घेणारे घर. प्रत्येकाच्या हाती थोडे थोडे आहे. घाऊक व्यापाऱ्याने माल घेताना लागवडीचा दाखला मागावा. तो कायद्याने आवश्यक आहेच, पण मागितला गेला तरच त्याला किंमत येते. दाखल्याच्या मालाला किलोमागे थोडे अधिक मोजावे लागले, तर ते नुकसान न मानता पुढच्या पिढीच्या खात्यात भरलेला हप्ता मानावा. ज्या पेढ्यांनी पिढ्यान् पिढ्या या मुळावर नफा कमावला, त्यांच्याकडून इतकी अपेक्षा जास्त नव्हे. मुळासकट उपटण्यात त्या जीवाचा पूर्ण अंत आहे, हे ज्यांच्या स्वयंपाकघराला नव्याने शिकवावे लागत नाही, अशा घरांत तर ही गोष्ट चटकन पटावी.

आणि ज्यांचा या व्यापाराशी काही संबंध नाही, त्यांनी निदान हे झाड पाहावे. त्यासाठी जुलैचा शेवट ते ऑगस्टचा मध्य हा काळ बरा. मनालीच्या बाजूला तेव्हा पावसाची झड असते, दरडींमुळे रस्ता खोळंबतो, म्हणून हाताशी एक-दोन दिवस राखावेत. बोगद्यापलीकडे बहुधा ऊन असते. केलाँगला किंवा जिस्प्याला मुक्काम करता येतो. उंचीची सवय होण्यासाठी पहिल्या दिवशी धावपळ टाळावी, पाणी भरपूर प्यावे. तांदीचा पेट्रोलपंप लेहच्या प्रवाशांना पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर असल्याचा इशारा देण्यासाठी प्रसिद्ध होता. तेथून लेहचा रस्ता सोडून डावीकडे, चंद्रभागेच्या काठाने उदयपूरच्या दिशेने वळावे. उदयपूरचे मर्कुलादेवीचे मंदिर त्याच्या लाकडी कोरीव कामासाठी पाहण्यासारखे आहे. वाटेतील एखाद्या गावात थांबून कुठाचे शेत विचारावे. लाहौली माणूस मितभाषी, पण आतिथ्यशील. शेतात शिरण्यापूर्वी परवानगी घ्यावी, आणि पान, फूल, बी काहीही तोडून घेऊ नये. परवान्याशिवाय सोबत आणलेला मुळाचा एक तुकडाही अडचणीत आणू शकतो.

शेताच्या कडेला उभे राहिले की काळसर जांभळ्या गोळ्यांवर भुंगे आणि मधमाश्या फिरताना दिसतात. सप्टेंबर सरता सरता तेच गोळे सुकतात, उकलतात, आणि तपकिरी पिसाऱ्याचे बी वाऱ्यावर निघते. त्यातले थोडे शेतकरी पुढच्या वाफ्यासाठी गोळा करतो. बाकीचे बांध ओलांडून, पाटाच्या काठाने, दगडांच्या फटींत कुठे तरी जाऊन पडते. बर्फ पडण्याआधी कुदळी निघतात. ज्या शेतात बियाण्याची झाडे उभी ठेवलेली असतात, ती दुरूनही ओळखू येतात. मोकळ्या झालेल्या काळ्या जमिनीत पाच-सहा वाळके दांडे, एका ओळीत.